बिनमालकाचं नाणं

अण्णा, मी तुमच्यावर चिडले आहे. गेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात, पण तुम्ही असताना चिडायची सोय होती कुठे? तुम्ही बोलायचात आणि आम्ही ऐकायचो. आज तुमच्या धाकट्याचं खातं माझ्या बँकेत गोठवलेलं आहे, ते माझ्याच हातांनी गोठवलंय, तो माझ्याशी बोलत नाही, आणि या सगळ्याच्या मुळाशी तुम्ही आहात. थांबा, सांगते सगळं. मधे बोलायचं नाही. आज तरी नाही.

तुमची ती कँटीनची गोष्ट. मी पाचवीत होते, धाकटा आईच्या मांडीवर. पिंपरीच्या तुमच्या कंपनीने युनियनच्या खोलीला कुलूप घातलं आणि पुढारी म्हणून चौघांना निलंबित केलं. तुम्ही घरी आलात ते हसत. "कुलूप घालू दे की. युनियन काय खोलीत ऱ्हाती व्हय? ती मान्सांत ऱ्हाती." मग पहिल्या पाळीत एके दिवशी कुणी ताटच उचललं नाही. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पाळीत तेच. कँटीनमध्ये भाताची पातेली भरलेली, कंत्राटदार डोक्याला हात लावून बसलेला, आणि मॅनेजर एकेकाला विचारतोय, कुणी सांगितलं? "कुनीच न्हाई सायेब. भूक न्हाई." तुमचा नियमच तो होता. शेजारच्या मशीनवरचा माणूस सांगेल ते पुढच्याला सांगायचं, पण त्याला कुणी सांगितलं ते विचारायचं नाही. "नाव इचारायचंच न्हाई. ठावंच नसलं तर सांगनार काय?" चिंचवडच्या आपल्या खोलीत जेवताना तुम्ही हे सगळं करून दाखवायचात. एकदा मॅनेजर व्हायचात, एकदा कामगार. आई म्हणायची, अहो जेवा आता, गार होतंय. धाकटा ते बघतच मोठा झाला. बाकीची पोरं राजा-राणीच्या गोष्टी ऐकत झोपायची, आमचा हा कँटीनच्या बहिष्काराशिवाय डोळे मिटायचा नाही.

आता तो चाकणला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत मेंटेनन्सचा सुपरवायझर आहे. बायको आहे, पोरगी आहे, तिथेच फ्लॅट घेतलाय, आई त्याच्याकडे असते. चांगलं चाललेलं होतं हो! मग कंपनीतल्या कुणी तरी त्याला ते नाणं दाखवलं. नाणं म्हणजे हातात धरायचं नाणं नव्हे. मोबाइलमधला आकडा. तुम्हाला कसं सांगू? समजा, एका गावात प्रत्येकाच्या घरी गावाच्या सगळ्या देवाणघेवाणीची तीच नोंद आहे. एकाची जाळली तरी बाकीच्यांकडे आहेच. सरपंच नाही, तलाठी नाही, पतपेढी नाही. फक्त गाव म्हणजे अख्खं जग, आणि घरं म्हणजे कॉम्प्युटर. एवढंच.

एका रविवारी मी त्याच्याकडे मटण खायला गेले आणि वाद झाला. मी नुसतं म्हटलं, "उद्या सरकारने बंदी घातली तर काय करशील?" तो असा हसला की मला क्षणभर तुम्हीच दिसलात.

"बंदी घालणार कुणावर, ताई? मालक आहे का त्याला? ऑफिस आहे का? नोटीस चिकटवणार कुठे? इकडची मशीनं बंद केली तर तिकडची चालू. चार देशांनी प्रयत्न करून बघितला, काय झालं? चालूच आहे."

"नाण्याला नसेल चिकटवता येत, तुझ्या दाराला येते ना? सकाळी दूध कशाने घेतोस? नाणं देतोस दूधवाल्याला?"

"देईन एक दिवस."

"तो दिवस येईपर्यंत तुला माझ्याच दारात यावं लागणार. नाणं विकून रुपये करायचे म्हटलं की बँक आली."

"तू बँकेत आहेस म्हणून तुला झोंबतंय. अगदी मॅनेजमेंटसारखी बोलतेस बघ."

आणि आई हसली हो! रस्सा वाढता वाढता म्हणाली, "अगदी ह्यांच्यासारखा बोलतो." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मॅनेजमेंट म्हणे! तुमच्या घरात याहून वाईट शिवी नव्हती, आणि ती मला, तुमच्या मोठ्या लेकीला, भर जेवणात मिळाली. तुम्ही गेल्यावर याच बँकेच्या पगारावर त्याचा डिप्लोमा झाला, ते कुणाला आठवलं नाही. मी भाकरी तशीच टाकून उठणार होते. उठले नाही, कारण मटण चांगलं झालं होतं.

खरं सांगायचं तर त्याचं सगळंच चूक नव्हतं. मध्ये वरून सगळ्या बँकांना सांगून झालं होतं की असल्या धंद्याच्या वाऱ्याला उभं राहू नका. ते कोर्टात टिकलं नाही. मग सरकारने लॉटरीच्या बक्षिसासारखा कर लावला. नाणं काही मेलं नाही. ते मोडायचं म्हटलं तर कुठे हातोडा घालायचा हेच कळत नाही, हे मलाही पटतं. पण माझा राग त्यासाठीच आहे. बंदी घालायची तर सरळ घाला ना! चालू द्यायचं तर चालू द्या. हे काय, कर घ्यायचा, वर कायदेशीर आहे असंही म्हणायचं नाही, आणि कुठे काही बिनसलं की सापडेल त्याची मानगूट धरायची? नाण्याला मानगूट नाही म्हणून माझ्या भावाची?

झालं असं. चाकणचा उन्हाळा तुम्हाला माहीत नाही, सगळीकडे शेड आणि सिमेंट. आईच्या खोलीत एसी बसवायचा म्हणून त्याने थोडी नाणी विकायला काढली. अॅपवर कुणी अनोळखी घेणारा भेटला. नाणी त्याला गेली, रुपये याच्या खात्यात आले. पण आले ते तिसऱ्याच माणसाच्या खात्यातून. कुठल्याही शहाण्या माणसाने विचारलं असतं, बाबा रे, तू कोण, आणि हे पैसे पाठवणारा कोण? याने विचारलं नाही. का नाही विचारलं ते सांगू? खातं गोठवल्यावर मी त्याला फोनवर ओरडून विचारलं तेव्हा तो काय म्हणाला माहितीये? "ताई, नाव विचारायचं नसतं. तोच तर नियम आहे." नाक वर करून म्हणाला! तुमचा नियम, अण्णा. कँटीनमध्ये ताट न उचलण्यासाठी केलेला नियम याने पैशाच्या व्यवहाराला लावला. शेजारच्या मशीनवर घाम गाळणारा माणूस आणि मोबाइलच्या पलीकडचा भामटा, दोघं याला सारखेच. आणि माझी अख्खी नोकरी नाव विचारण्याची. नाव काय, पत्ता काय, फोटो आणा, सही करा. एकाच घरात हे असले दोन नमुने तुम्ही वाढवलेत.

ते पैसे चोरीचे होते. लांबच्या राज्यातल्या एका निवृत्त माणसाला फोनवर भीती घालून कुणी तरी लुबाडलं, आणि त्या पैशांनी आपल्या धाकट्याकडून नाणी घेतली. चोर नाणी घेऊन पसार. त्याला शोधायचा कुठे? पैसे ज्या खात्यांतून फिरले ती खाती मात्र जागच्या जागी आहेत. तिथल्या पोलिसांनी त्यांचा माग काढला आणि एका सकाळी आमच्या शाखेला मेल आला, हे खातं गोठवा. मी आधी खाते क्रमांक वाचला, मग नाव वाचलं. मधलं नाव तुमचं.

मॅनेजर चांगला माणूस आहे. हळूच म्हणाला, "मॅडम, तुमचे भाऊ ना? द्या इकडे, मी करतो." मी म्हटलं, "नको सर, माझ्या टेबलाचं काम आहे." आणि केलं. आधी त्याला फोन केला असता तर तो जमलेले पैसे काढून मोकळा झाला असता, आणि मी नोकरीतून मोकळी झाले असते. म्हणून नाही केला. त्यानंतर त्याचा पगार त्याच खात्यात आला आणि तोही अडकला. नाणी मात्र शाबूत आहेत हं! मोबाइलमध्ये सुखरूप, जगातलं कुठलंच सरकार त्यांना हात लावू शकत नाही. आणि पोरीच्या स्कूल बसवाल्याला तो तोंड चुकवतोय.

मग तो बँकेत आला. सुट्टी टाकून, चाकणच्या त्या ट्रॅफिकमधून मोटरसायकलवर. बहिणीच्या टेबलाशी थेट यायचं की नाही? नाही. त्याने टोकन घेतलं आणि बाकड्यावर बसून राहिला. मी मान वर करून बघतेय, तो बघत नाहीये. नंबर आल्यावर समोर येऊन उभा राहिला.

"मॅडम, माझं खातं का बंद आहे?"

"अरे, असं काय बोलतोस? बस आधी."

"मॅडम, मी विचारतोय त्याचं उत्तर द्या. कुणी बंद केलं?"

मागे लाइन होती. सगळे ऐकत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "वरून आदेश आहे."

"वरून म्हणजे कुणी? नाव सांगा."

आता याला नाव हवं होतं! माझं डोकंच फिरलं. "नाव हवंय तुला? नाणी विकताना कुठे गेलं होतं हे विचारणं?" असं मी भर बँकेत ओरडले, अण्णा. शिपाईसुद्धा थांबून बघायला लागला. धाकट्याने टोकन काउंटरवर ठेवलं आणि तो निघून गेला. त्याच्या मानेवर घाम होता आणि शर्टाची कॉलर विरली होती. तो गेल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन रडले. नंतर परत येऊन पुढचं टोकन घेतलं.

आता तुमचा हिशेब. त्या बहिष्काराचा शेवट तुम्ही त्याला कधी सांगितलात का? मॅनेजर घामाघूम झाला इथवरच तुमची गोष्ट असायची. मी पाचवीत होते म्हटलं ना, मला पुढचं माहीत आहे. दिवाळीच्या तोंडावर कंपनीने काही कामगारांच्या घरी मिठाईचे खोके पाठवले. सगळ्यांच्या नाही, काहींच्याच. कुणाला द्यायचं, कुणाला नाही, याला काही मेळ नव्हता. आपल्याकडे आला. काजूकतली होती, आणि एक स्टीलचा डबा. आई म्हणाली परत करा. तुम्ही म्हणालात, "मिठाईच हाय, त्यात काय येवढं." संध्याकाळी तुमचे शेजारच्या मशीनवरचे दोस्त दारात आले. त्यांच्याकडे खोका आला नव्हता. त्यांनी टेबलावरचा खोका बघितला, चप्पलही काढली नाही आणि तसेच मागे फिरले. दिवाळी सरेपर्यंत सगळी कॉलनी एकमेकांकडे संशयाने बघत होती, कुणी फोडलं, कुणी नावं दिली. कुणीच दिली नव्हती. पण लोकांनी ताटं उचलायला सुरुवात केली. कंपनीने कशावरही बंदी घातली नव्हती. युनियनला मोडायची गरजच पडली नाही, माणसं एकेकटी झाली तेवढं पुरलं.

हे तुम्हाला कळलं होतं. म्हणूनच तर त्या दोस्तांचं नाव आपल्या घरात पुन्हा निघालं नाही. मग त्या पोराला का नाही सांगितलंत? एकदा, फक्त एकदा सांगायचं होतं की बाबा रे, मालक नसलेली गोष्ट मोडत नाही हे खरं, पण ती धरून बसलेल्या माणसाला घर असतं, पोर असते, पगार असतो, आणि त्याला गाठायला कुणालाही वेळ लागत नाही. तुम्ही त्याला अर्धी गोष्ट दिलीत, आणि त्या अर्ध्यावर तो आयुष्य काढायला निघाला. माझा संताप होतो, अण्णा. फार संताप होतो.

आता त्याला तिकडच्या पोलिस ठाण्यात जाऊन जबाब द्यायचाय. आधी म्हणाला, जाणार नाही, मी काय गुन्हा केलाय? केला नाहीच त्याने. पण गेल्याशिवाय खातं सुटत नाही. शेवटी आईने डोळ्यांत पाणी आणलं तेव्हा कबूल झाला. मी रजा टाकली आहे आणि दोघांची तिकिटं काढली आहेत. त्याला अजून वाटतंय तो एकटाच चाललाय. स्टेशनवर मला बघून काय करेल कोण जाणे. बोलला नाही तरी डबा तर खाईल.

एक राहिलंच. तो मेल वाचून माझ्या पोटात गोळा आला असं मी आईला सांगितलंय, मॅनेजरलाही तेच सांगितलं. आला होता, पण नंतर. त्याचं नाव वाचल्या वाचल्या आधी मला बरं वाटलं होतं. जिंकल्यासारखं. मनात म्हटलंसुद्धा, बघ, मी सांगत होते ना. क्षणभरच, पण वाटलं. इतका लांबचा प्रवास त्याच्या शेजारी बसून करायचाय, सगळं बोलून होईल. हे तेवढं मी त्याला सांगणार नाहीये.