लाल दिवा आणि चार गोल्डफिश

१ मार्च, सकाळी ९.४०
आजपासून रोज सहाला उठणे. आज रविवार, धरत नाही.
एमएस्सी न्यूरोबायोलॉजी, शेवटचं सेमिस्टर. प्रोजेक्ट झकास आहे : माशाच्या मेंदूत आठवण कशी तयार होते? लाल दिवा लावायचा, दहा सेकंदांनी खाणं टाकायचं. महिनाभरात मासे नुसत्या दिव्यावर वर येतात. ३० तारखेला गाइड संघमित्रा मॅडमसमोर डेमो. जमलं तर पास, नाहीतर पुढच्या वर्षी ज्युनिअरांबरोबर पुन्हा. पण वेसाव्याच्या कोळ्याला मासे काय अडवणार?

२ मार्च
लॅबमध्ये जागा नाही, म्हणून मॅडमच्या परवानगीने टाकी घरी, स्वयंपाकघरात. आईने चारही गोल्डफिश न्याहाळले. म्हणाली, चौघांत मिळून एका माणसाचं कालवण होणार नाही. तिचा जन्म मासळी बाजारात गेला, तिला रिसर्च कसा कळणार.

५ मार्च
सहाचा अलार्म वाजला. बंद केला. झोपेत आठवणी पक्क्या होतात, हे सायन्स आहे. सातला आईच्या बांगड्या वाजल्या, म्हणजे नाश्ता तयार. उठलो. माशांना तिनेच खाणं घातलं होतं. म्हणे, मुके जीव उपाशी कसे ठेवू? दिवा राहिला. वहीत 'लावला' लिहिलं. लावणार होतोच.

११ मार्च
रोज वही भरण्यात फार वेळ जातो. अख्ख्या महिन्याच्या नोंदी आजच करून टाकल्या. प्लॅनिंग हासुद्धा रिसर्च स्किलच.

१९ मार्च, पाडवा
नवा संकल्प : उद्यापासून सहाला. पीएचडी परदेशात करावी की इथेच, हे ठरत नाही.

२६ मार्च
भाविका म्हणते, दादा, मासे तुझ्या दिव्याला ढुंकून बघत नाहीत, आई आली की उड्या मारतात. तिने आईला बांगड्या काढून टाकीपाशी उभं केलं. एकही आला नाही म्हणे. पोरखेळ! बारावीच्या मुलीला काय सांगायचं.

३० मार्च, दुपार
वाट लागली.
आईने मासे तिच्या टबातून रिक्षाने कॉलेजात आणले, थेंब सांडला नाही. मी दिवा लावला. मासे तळाशी. पुन्हा लावला. तळाशीच. मॅडम घड्याळ बघायला लागल्या. टबावर आलेली माझ्या दिव्याची वायर आईने बाजूला केली, बांगड्या किणकिणल्या, आणि चौघे तोंड उघडून वर!
मॅडम खुर्ची ओढून आईशेजारी बसल्या. आईने सगळं सांगितलं : किती वाजता, किती चिमटी, कुठला मासा उशिरा येतो. भाविकाचा पोरखेळही सांगितला. मॅडम म्हणाल्या, एकच गोष्ट काढून बघायची, यालाच कंट्रोल म्हणतात, दिपेश, आणि तो तुझ्या वहीत नाही.
मग त्यांनी वही चाळली. त्यात ३१ मार्चचीही नोंद होती : 'दिवा लावला. चारही मासे आले.'
प्रोजेक्ट पुन्हा. पुढच्या वर्षी. रिक्षात आई पुन्हा टब सांभाळत बसली. मला फार लाज वाटली.

३१ मार्च, सकाळी ७
सहाला उठून दिवा लावायचा होता. कालच्या धक्क्यामुळे मेंदूला विश्रांतीची गरज होती.
आत्ता स्वयंपाकघरात बांगड्या वाजल्या. मासे वर आले.
मीही आलो. पोहे आहेत.