रिकामा खिळा

खारबाव, मंगळवार संध्याकाळ

मालिकेत मला मारलं. अपघात. काल तिथल्या घराच्या भिंतीवर माझा हार घातलेला फोटो दाखवला आणि आज मी सेटवरचं सामान घेऊन घरी आले, तर पुढच्या खोलीतला खिळा रिकामा.

तिथे माझा फोटो असायचा. मामेबहिणीच्या हळदीतला, आईने हौसेने मोठा करून लावलेला. सेटवर हसरा फोटो मागितला तेव्हा मी मोबाइलमधून नेमका तोच पाठवला. घरी भिंतीवर तोच आहे हे डोक्यातच आलं नाही. असं कसं आलं नाही?

आईने दारातच मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. मग म्हणाली, "शेजारची इचारीत होती, दोनी घरी एकच फोटो कसा? मी तर लगीच उतरवला."

"अगं, खोटं असतं ते. दुसरा फोटो लावूया."

"कशाला? तू घरात नसायचीस म्हणून लावला व्हता. आता हायस ना समोर."

हातपाय धुऊन जेवायला बसले. भाकरी गरम होती, आई समोर बसून वाढत होती. काम गेलंय, तरी बरं वाटत होतं. हे कुणाला सांगायचं नाही.

उद्या नव्या मालिकेची ऑडिशन आहे. आईला अजून बोलले नाही. पण तिने फोटो पेटीत ठेवला, खिळा मात्र उपटला नाही.