कॅसेटची दुसरी बाजू

अम्मी, तुझी, माझी आणि आपल्या सगळ्या मोहल्ल्याची एकच तक्रार होती: बोलायचं त्यांनी, ऐकायचं आपण. रेडिओ मुंबईहून बोलायचा, पेपर मुंबईहून यायचा, आणि त्यात रत्नागिरीचं नाव दिसायचं ते होडी बुडाली किंवा आंब्याचा भाव पडला तरच. पुढे मी गावोगावच्या सभांत हेच ओरडत राहिलो, की माईक आपल्या हातात आला पाहिजे. आला, अम्मी. आज ज्याच्याकडे मोबाईल त्याचं स्वतःचं चॅनेल. माझंही आहे. आणि मी थकलो आहे. सगळेच बोलताहेत, त्यात सगळ्यांत मोठ्यानं मी.

म्हणून तुझी कॅसेट आठवते. अब्बा कुवेतला. तू स्वयंपाकघराचं दार लावून टेपरेकॉर्डर पाटावर ठेवतेस, बटण दाबतेस आणि बांगडे साफ करता करता बोलतेस: कोणाची सून बाळंत झाली, विहिरीचं पाणी किती खाली गेलं, पेपरात कधीच न येणारं सगळं. मला बोलायला सांगितलंस, तर मी शाळेतलं वक्तृत्व स्पर्धेचं भाषणच सुरू केलं. "मेल्या, सभा भरलीय काय? तिकडे एकटा माणूस ऐकणार आहे," म्हणालीस. कॅसेट उलटून आणखी बोलायला गेलो तर हातावर चापटी. "ती बाजू त्यांची. मग जवाब कुठे भरतील?" आणि खरंच, तिकडून कोणी सुट्टीवर आला की तीच कॅसेट परत यायची, दुसऱ्या बाजूवर अब्बांचा खोकला आणि जवाब घेऊन.

परवा शेजारची सून आली. ती मासे रांधायचे व्हिडिओ करते. एकदा त्यातच गल्लीतल्या कोरड्या नळाबद्दल बोलली, तर खाली लोकांनी नको नको ते लिहिलं. "भाई, बंद करू काय चॅनेल?" मी लगेच सुरू झालो: हक्क, इतिहास, लढा. ती हसली. "तुमचं भाषण पाठ आहे मला. माझा व्हिडिओ शेवटपर्यंत बघितलात काय?" नव्हता बघितला. लाईकचा अंगठा दाबून पुढे सरकलो होतो. मग तिच्यासमोरच बसून पूर्ण पाहिला. शेवटी तिनं साधं विचारलं होतं, "तुमच्याकडे पाणी येतं काय?" शिव्यांच्या त्या ढिगात या प्रश्नाला एकही जवाब नव्हता. मी लिहिला: "आमच्याकडेही नाही." तिनं तो वाचला, पदर खोचला आणि म्हणाली, "मग उद्या करते परत."

हे तुला पाठवणार तरी कुठे? खरं सांगतो, आधी कॅमेऱ्यासमोरच बसलो होतो. दुसऱ्याच वाक्याला आवाज चढला, म्हणून बंद केला आणि कागद ओढला. एकाच बाजूवर लिहिलंय. पाठची बाजू तुझी. बोल, अम्मी.