गोदामाची किल्ली

अल कुसैस, दुबई
१९ एप्रिल २००९

प्रिय सगुणा,

फोनवर तेच, पत्रात तेच, आणि परवा बानूच्या नवऱ्याबरोबर पाठवलेला निरोपही तोच, नीलेशचा फोन का लागत नाही. अगं, सांगतो. पण मधूनच सांगितलं तर तू अर्ध्यावर रडायला लागशील, म्हणून पहिल्यापासून सांगतो. कृपा करून शेवटपर्यंत वाच. इथे कुणी कुणाचं पुरतं ऐकूनच घेत नाही, त्याने माझं डोकं उठलंय.

काम जानेवारीपासून बंद आहे, हे तुला माहीत आहे. टॉवर अठराव्या मजल्यावर अडकला. साहेब रोज म्हणतो, "इन्शाल्ला, अगले हफ्ते." कॅम्पात तीनशे माणसं नुसती बसून. रिकामी माणसं काय करणार, भांडणार. आणि भांडायला सोयीचे सापडले ते चिनी. बावीस जण, सगळे शटरिंगचे, म्हणजे काँक्रीटसाठी लाकडी साचे ठोकणारे सुतार. त्यांना आणणारा ठेकेदार पळून गेला. भाषा येत नाही, बाजू घेणारा कुणी नाही. आमची पोरं म्हणायला लागली, यांनी स्वस्तात काम करून भाव पाडला म्हणून आपल्यावर ही वेळ आली. मी म्हटलं, अरे, अख्ख्या दुबईतल्या क्रेन काय या बावीस जणांनी थांबवल्या? पण ऐकतो कोण! मग कुणीतरी उठवलं, हे मांजरं खातात. झालं. स्वयंपाकखोलीत त्यांना बंदी. खात काय होते बिचारे, तर भात आणि कोबी. आमच्याच दुकानातला, तीन दिरहमचा, म्हणजे आपले चाळीस रुपये. मीही फार वेगळा नव्हतो. वर्षभर मीसुद्धा त्यांना "ए चायना" म्हणूनच हाक मारली.

त्यांच्यातला गुओ म्हणून एक पन्नाशीचा माणूस. साइटवर राहून थोडं हिंदी शिकलेला. चूल बंद झाल्यावर हे लोक कॅम्पच्या भिंतीमागे तीन विटा मांडून शिजवायचे, त्यासाठी मी सांभाळत होतो त्या रास अल खोरच्या गोदामात तो फळ्यांचे तुकडे मागायला यायचा. फुकट काही घ्यायचा नाही. एकदा त्याने गोदामाचा घासणारा दरवाजा रंधा मारून दिला. एकदा माझ्या गुडघ्याकडे बघितलं आणि दुसऱ्या दिवशी बरोब्बर मला हव्या त्या उंचीचं स्टूल घेऊन आला. मी विचारलं, इथे यायला काय विकलंस? म्हणाला, "घर." मी म्हटलं, मैंने औरत का सोना. दोघंही हसलो. हसण्यासारखं काय होतं, कोण जाणे.

मार्चच्या शेवटी मोजणी केली तेव्हा गोदामातून तांब्याच्या केबलची तीन रिळं गायब. कुणी काही विचारायच्या आत कॅम्पाने ठरवूनसुद्धा टाकलं, चिन्यांनीच नेली. गुओच्या लाकडांची मोळी केबलच्या तुकड्याने बांधलेली निघाली. तसे तुकडे आमच्या आवारात पायाखाली येतात गं! पण पोलीस त्याला घेऊन गेले. त्याच दुपारी आमच्या लोकांनी बाकीच्या चिन्यांच्या गाद्या, भांडी, कपडे उन्हात फेकले. कॅम्पावर देखरेख करणारा शौकत दारात उभा राहून बघत होता. फेकणाऱ्यांत सगळ्यांत पुढे तुझा भाऊ होता.

मी नीलेशला बाजूला ओढलं. तो एवढा चवताळला होता की मला शंका आली. त्या आधीच्या शुक्रवारी, सगळे नमाजाला गेलेले असताना, तो माझ्याकडून गोदामाची किल्ली घेऊन गेला होता. डबा आत राहिला म्हणाला. मी दिली. मेव्हण्याला नाही कसं म्हणणार? विचारलं तर आधी उडवाउडवी केली, मग सरळ म्हणाला, "हो, नेली. भंगारवाल्याला दिली. भावोजी, तो चिनी सुटेल, त्यांचं सरकार त्याला सोडवेल. आपला माणूस मोठा की तो?" सगुणा, मी त्याच्या थोबाडीत मारली. आणि मग काय केलं? काहीच नाही. किल्ली मी दिली होती, माझीही नोकरी जाणार होती. तुझा चेहरा डोळ्यांसमोर येत होता. दहा दिवस गप्प बसलो. जेवण जात नव्हतं, आणि नीलेश माझ्यासमोर बसून पोटभर जेवायचा.

अकराव्या दिवशी मालाच्या यादीवर सही करायला मला पोलीस ठाण्यात बोलावलं. गुओला समोर आणला. वाळला होता. मला बघितलं आणि खुलला. शिपायाला म्हणाला, "दगडू आया. दगडू जानता है. खलास, अब जाएगा." म्हणजे झालं, आता सुटलो. मी सही करून निघून आलो. बसमध्ये बसलो, पण कॅम्पापर्यंत जाता आलं नाही. वाटेत उतरलो, तसाच परत गेलो आणि सगळं सांगितलं. किल्लीचंही.

हे पत्र त्यासाठीच लिहितोय. तुझ्या भावाला मी पकडून दिलं. तो आत आहे, काही महिने तरी राहील, मग त्याला भारतात धाडतील, असं इथले लोक म्हणतात. मी रोज त्याचे कपडे आणि बिस्किटं घेऊन जातो, तो मला भेटत नाही. गुओ सुटला, चार दिवसांपूर्वी त्यांच्या वकिलातीने त्या सगळ्यांना विमानात बसवलं. कंपनीने मला काढलंय, मी पाच मेला, मंगळवारी, मुंबईत उतरतो. कॅम्पात माझ्याशी कुणी बोलत नाही, त्याचं काही नाही. पण तुझ्या आईला हे मी येण्याआधी तूच सांग. आणि मी घरी यायचं की परस्पर बहिणीकडे उतरायचं, ते आदल्या दिवसापर्यंत नेहमीसारखं शौकतच्या फोनवर कळव. जे सांगशील ते करीन. फक्त मी चुकलो, असं मात्र माझ्याकडून वदवून घेऊ नकोस.

तुझाच,
दगडू