पाहणीआधी रंगाचे दोन हात

४ मार्च, सकाळी
नवी रोजनिशी. जुनी ओलीने फुगली, पानं एकमेकांना चिकटली. तीत फारसं काही नव्हतंच.

मोठी बातमी. सरकारचा निर्णय झाला. ज्या घरांतल्या ओलीमुळे माणसं आजारी पडतात, त्यांना टेकडीवरच्या नव्या इमारतींत कोरडी घरं. आरोग्य खात्याचे अधिकारी येऊन पाहणी करणार. सोबत फिरून सही करणार वॉर्ड समितीचा अध्यक्ष. म्हणजे मी! मुलगा म्हणाला, बाबा, एवढं एक नीट करा. 'एवढं एक' म्हणजे काय, हे विचारणार होतो. पण नात खोकायला लागली.

६ मार्च
नात पाच वर्षांची. छाती जन्मापासून नाजूक. आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई आज फटकळपणे म्हणाल्या, मी औषध देते, पण पोरगी त्या काळ्या भिंतीला पाठ लावून झोपते तोवर काही उपयोग नाही, पुढच्या थंडीआधी हिला इथून हलवा. म्हटलं, बाई, सगळं माझ्यावर सोडा. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. आदराने असावं.

९ मार्च
योजना तयार. अख्खी नोकरी सरकारी गोदामात काढली, आणि तपासणीच्या तयारीचं खातं कायम माझ्याकडे. एकदाही वाईट शेरा नाही. गुपित एकच: रंग. ताज्या रंगाच्या खोलीतून नाखूश होऊन गेलेला साहेब मी पाहिलेला नाही.

सूनबाई म्हणाली, पण बाबा, त्यांना ओल दिसायला नको का? नवखी आहे. तिला समजावलं, जुनं घर ज्याला धड सांभाळता आलं नाही त्याच्या हाती सरकार नवं कशाला देईल? आधी साहेबाचं मत चांगलं करायचं, मग चहाच्या वेळी हळूच मागणी पुढे सरकवायची. असा क्रम असतो. तिने जाऊन नातीचं अंथरूण भिंतीपासून हातभर ओढलं. पटलं असावं.

११ मार्च, संध्याकाळी
समितीची बैठक. आमच्या सगळ्या लेनने वर्गणी काढून घरं रंगवायची असा ठराव मांडला. कोपऱ्यावरचा वायरमन उठून म्हणाला, हा आपल्याच पायावर धोंडा आहे, मी ब्रशसुद्धा लावू देणार नाही. मी शांतपणे म्हटलं, परक्या माणसांपुढे लेनची लाज जायला नको. 'लाज' म्हटल्याबरोबर सगळ्यांच्या माना हलल्या. ठराव मंजूर. इतिवृत्तात लिहिलं: चर्चा खेळीमेळीत झाली.

बायकोही समितीत आहे; तिने विरोधात हात वर केला होता. बहुधा पंखा बंद करायला सांगत असावी.

१५ मार्च
रंगाऱ्याने आमच्या भिंतीवर बोटं वाजवली. म्हणाला, काका, पाणी आतून येतंय, वरून रंग लावून काय होणार? म्हटलं, तू हात मार. बाकीच्यांकडे दोन हात, आमच्याकडे तीन. अध्यक्षाचं घर आहे.

त्याच दिवशी, नंतर
अक्षर नीट येत नाहीये. संध्याकाळी नातीला धाप लागली. छाती भात्यासारखी वरखाली. ओठ निळसर. मुलाने तिला उचललं आणि पळत सुटला. मी मागे, एका पायात चप्पल. केंद्रात नर्सबाईंनी तोंडाला वाफेचा मास्क लावला. ती मास्कच्या आतून माझ्याकडे बघत होती. मी भ्यालो. इतका की देवाला काय काय कबूल केलं ते आठवत नाही.

आता बरी आहे. बायको म्हणाली, रंगाच्या वासाने झालं. मला वाटतं दुपारी गार पाणी प्यायली. बायको त्यानंतर बोललेली नाही.

१८ मार्च
संकल्प: १. खिडक्या उघड्या ठेवणे. २. पाहणीच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट. ३. बायकोशी आपणहून बोलणे. (तिसरा उद्यापासून.)

लेन अशी चकचकीत दिसतेय की आपलीच असून ओळखू येईना. वायरमनचं घर तेवढं किडक्या दातासारखं. त्याला पुन्हा समजावलं. त्याने दार लावून घेतलं.

२२ मार्च
पाहणी झाली. सविस्तर लिहितो, म्हणजे मन शांत होईल.

अधिकारी बाई तरुण, चालणं झपाझप. पहिलंच घर आमचं. त्यांनी विचारलं, इथे ओल आहे का? मला 'आहे' म्हणायचं होतं, देवाशप्पथ. पण साहेबाने विचारलं की माझी जीभ आपोआप चालते. म्हणालो, नाही मॅडम, सगळं व्यवस्थित. मागे मुलगा खाकरला. बाईंनी पुन्हा विचारलं, नक्की? म्हणालो, एकदम.

मग नर्सबाई धावत आल्या. म्हणाल्या, या लेनमधल्या पोरांच्या छात्या बघा, भिंती नका बघू. बाईंनी माझ्याकडे वळून विचारलं, अध्यक्ष म्हणून तुमचं म्हणणं काय? सूनबाई दारात नातीला कडेवर घेऊन उभी. क्रम मोडून चालणार नव्हतं, मागणी चहाच्या वेळीच. म्हटलं, हवाबदलाचा खोकला आहे, मॅडम.

वायरमनचं घर वगळायला बघत होतो, पण त्याने स्वतःच बाईंना हाक मारली. सगळं पाहून झालं, सही केली, खुर्च्या मांडल्या, कप धुऊन तयार. बाई म्हणाल्या, चहा नको, पुढच्या वॉर्डात जायचंय. आणि गेल्या.

मागणी राहिली. पण मत फार चांगलं झालंय. ते महत्त्वाचं.

५ एप्रिल
निकाल. लेन 'राहण्यास योग्य'. घर फक्त वायरमनला. पुढची पाहणी सहा महिन्यांनी, तेव्हा ओल दिसली तर विचार.

सगळ्यांना जमवून निकाल वाचून दाखवला. सुरुवात देखभालीच्या कौतुकाने आहे, ती दोनदा वाचली. कुणी टाळी वाजवली नाही. वायरमनच्या बायकोला मात्र रडू आलं. तिला तरी आनंद झाला.

७ एप्रिल, दुपारी
मुलगा, सूनबाई आणि नात सूनबाईच्या माहेरी राहायला गेले. शहराच्या दुसऱ्या टोकाला, वरचा मजला, भरपूर ऊन. मुलगा ओरडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, बाबा, पोरीला श्वास घेता आला पाहिजे. मी म्हटलं, चार दिवस राहून या. त्याने नातीचं अंथरूणही गुंडाळून नेलं.

१२ एप्रिल
समितीची तातडीची बैठक. विषय: अध्यक्ष बदलणे. पहिला हात बायकोचा. या वेळी पंखा बंद होता. मग सगळ्यांचे हात. 'ठराव मंजूर?' असं विचारलं गेल्यावर सवयीने माझाही हात वर गेला. इतिवृत्तात एकमताने असं लिहावं लागलं.

नव्या अध्यक्ष: बायको. माझ्याशी बोलायला लागली आहे, पण कामापुरतं. पहिला हुकूम, पुढच्या पाहणीपर्यंत कुणी भिंतीला हात लावायचा नाही, आणि अधिकारी आल्यावर माझ्या नवऱ्याला तोंड उघडू द्यायचं नाही.

१० मे, सकाळी
घरात खोकला नाही. मला ही शांतता सोसत नाही. मीच केलं हे. लिहून टाकलं, बरं.

नातीचा फोन आला. आवाज खणखणीत, एका दमात पूर्ण गाणं म्हणून दाखवलं. डोळे भरून आले. मग तिने विचारलं, आजोबा, भिंत काळी झाली का? आई म्हणते, ती काळी झाली की सरकार आपल्याला घर देणार आणि आपण सगळे एकत्र राहणार.

फोन कानाला लावूनच उठलो. तिच्या झोपण्याच्या जागी भिंतीवर वरपासून खालपर्यंत हात फिरवला. पांढरीशुभ्र. गुळगुळीत. नखाएवढा डाग नाही.

म्हटलं, नाही गं बाळा, अजून नाही. आजोबांनी रंग फार चांगला लावलाय.