फ्रेंच गाण्याची दुसरी ओळ

२ एप्रिल १९६२, मेहकर
आजपासून रोजनिशी. आजपासून शिस्त. वाचनालयात महाराष्ट्र दिनाचं व्याख्यान मी देणार. विषय: फ्रेंच गाण्याची परंपरा, मध्ययुगापासून आजपर्यंत. चिटणीस पंजाबराव म्हणाले, 'काऊन मास्तर, महाराष्ट्र दिनाले फ्रान्स कायले?' दृष्टी नाही माणसाला. मला फ्रेंच येत नाही, पण मेहकरात ते ओळखणार कोण? खामगावच्या बाजारातून जुना फोनो आणि एक फ्रेंच रेकॉर्ड आणली आहे. बाई गाते. एवढं पुरे.

५ एप्रिल, पहाट
जात्याची घरघर ऐकू आली. दिवाळीत ही वारली, तेव्हापासून जातं कोपऱ्यात तसंच आहे. उंदीर असणार. रविवारी जातं काढून टाकायचं. ठरलं.

९ एप्रिल
जातं राहिलं. वाचन मात्र जोरात. इंग्रजी पुस्तकात लिहिलंय की मध्ययुगात फ्रान्समधल्या बायका शिवताना, विणताना गाणी म्हणत. गाण्यातली बाईसुद्धा शिवत बसलेली, आणि कुणाची तरी वाट बघत. पुढे दरबारी कवी, रस्त्यावरचे गवई, पॅरिसची कॅफे, आणि आता मायक्रोफोनसमोर एकटी बाई. 'शतकं गेली, बाईचं वाट बघणं संपलं नाही.' वाक्य फक्कड जमलं. इथे टाळी पडणार.

१४ एप्रिल
पहाटे पुन्हा घरघर. या वेळी ओवीसकट. उंदीर ओवी म्हणत नाहीत हे मान्य. शेजारच्या रुक्मिणीबाईंना विचारलं, तुम्ही दळता का? म्हणाल्या, 'शालू गेल्यावर आता घरी कोन दळते भाऊजी? गिरनी हाय नं.' संध्याकाळी पिठलं-भाकर पाठवली. मला दया नको, शांतता हवी. भाकर खाल्ली.
मी घाबरलेलो नाही.

२२ एप्रिल
घात झाला. रेकॉर्ड खिडकीत राहिली आणि उन्हाने पापडासारखी वाकली. तशीच लावून पाहिली. बाई विव्हळते. मध्येच थेट हिचा आवाज. फोनो बंद केला, तरी आवाज थोडा वेळ चालूच होता. कान तपासून घेतले पाहिजेत.

२३ एप्रिल
उपाय सोपा. वजनाखाली ठेवली की रेकॉर्ड सरळ होईल. घरात जड वस्तू एकच. जात्याची वरची तळी उचलली. आत ज्वारी, अर्धी भरडलेली. दळता दळताच हिला ताप चढला होता. पीठ झाडलं नाही, झाडवेना. तळी उचलून रेकॉर्डवर ठेवली. रेकॉर्ड तडकली.

३० एप्रिल
उद्या मीच गाऊन दाखवीन. चाल डोक्यात पक्की बसली आहे. रेकॉर्डपेक्षा सरस होईल.

१ मे
गर्दी चांगली होती. टाळीच्या वाक्याला पंजाबराव खोकले. मग मी डोळे मिटून फ्रेंच चाल धरली. तोंडून निघालं, 'दळन दळते मी, पीठ सांडे भुईवर...' पुढे काही आठवेना. आठवणार कसं? ही दळायला बसली की पहिल्या ओळीलाच मी दार लावून वाचत बसायचो. अभ्यास महत्त्वाचा. तेवढ्यात बायकांच्या बाजूने रुक्मिणीबाईंनी बसल्या जागेवरून पुढची ओळ म्हटली,
'राजा माहा पोथीमंदी, कोन आयके माहा सूर.'
कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. आभार मानताना पंजाबराव म्हणाले, 'फ्रान्सचे लोक बी आपल्यावानीच दिसतात.' बाहेर पायरीवर रुक्मिणीबाई म्हणाल्या, 'शालूचं गानं होतं ते, भाऊजी.' मी म्हटलं, तेराव्या शतकातलं आहे.
घरी येऊन तळी जात्यावर परत बसवली. खुंटा घट्ट केला. दार उघडं ठेवलं.

२ मे, पहाट
कोंबडा आरवायच्या आधी उठून जात्याजवळ बसलो. आज पूर्ण ऐकायचं होतं. उजाडलं. घरघर नाही, ओवी नाही.
उंदीर गेले असावेत.