आठ उणे तीन

२ मार्च, सकाळी ६.१०
आजपासून लेकीचा अभ्यास मी घेणार. सोळा दिवसांनी तिचा प्रोग्रॅमिंगचा पेपर. पास झाली तरच स्कॉलरशिप टिकेल. ऑफिसात वीस वर्षं कॉम्प्युटरसमोर काढली, ती काय माशा मारत?

३ मार्च
विषय पोस्टफिक्स. आकडे आधी, चिन्ह मागून. आकडा आला की स्टॅकवर, म्हणजे एकावर एक रचलेल्या चळतीवर, चढवायचा. चिन्ह आलं की वरचे दोन काढायचे, गणित करून उत्तर परत वर ठेवायचं. हातचा मळ. बेरजेची दहा सोडवली, दहाही बरोबर.

५ मार्च
वजाबाकी. ८ ३ −. वरचा ३ आधी बाहेर येतो, म्हणून पहिला मान त्याचा. ३ उणे ८, उत्तर उणे ५. लेक म्हणाली, बाबा, नंतर निघतो तो आधी लिहायचा. आठ उणे तीन, उत्तर ५, पुस्तकात दिलंय. मी म्हटलं, पुस्तकाला कोणी पगार देतं का? पुस्तक कपाटात टाकून कुलूप लावलं.

९ मार्च
पुन्हा ५ लिहिलं. शंभर वेळा उणे ५ लिहायला लावलं. सत्तराव्या वेळी रडू लागली. बायको म्हणाली, तिचं तिला करू द्या. लाडानेच पोरं बिघडतात. उरलेले तीस पूर्ण करून घेतले.

१७ मार्च
आज न अडखळता उणे ५ म्हणाली. माझ्याकडे न बघता म्हणाली, पण म्हणाली.

१८ मार्च
पेपर. गेटवर शपथ घातली, माझीच पद्धत वापरायची.

२ एप्रिल
नापास. चार मार्कांनी. स्कॉलरशिप गेली. तिने माझं ऐकलं होतं, म्हणजे चूक तपासणाऱ्याची. उद्या कॉलेजात जाऊन तिच्या मॅडमना जाब विचारतो.

३ एप्रिल
मॅडमनी भर वर्गात ८ ३ − फळ्यावर सोडवायला सांगितलं. सोडवलं. मग टेबलावर आठ खडू मांडून म्हणाल्या, यातले तीन उचला, किती उरले? मी म्हटलं, खडूंचं वेगळं असतं. वर्ग हसला. मागच्या बाकावर लेक होती, ती हसली नाही. रक्ताचं नातं आहे शेवटी.

२० एप्रिल
लेक मावशीकडे राहायला गेली. फेरपरीक्षा आहे म्हणे. रजा टाकावी म्हणून बायकोला तारीख विचारली. ती म्हणाली, तारीख तुम्हाला सांगायची नाही, असं पोरीने बजावलंय. मी म्हटलं, समजूतदार आहे, बापाला टेन्शन नको म्हणून. बायको भाजी निवडत राहिली.